माळ्यावरची झडप

जुन्या घरात पाहुण्यांना भाड्यानं द्यायला तीन अपार्टमेंट करायची ठरली, तेव्हा पहिला घाव आम्ही सिमेंटवर घातला.

आमच्या घराचा तळमजला दगडाचा आहे आणि वरचे दोन मजले आडव्या ओंडक्यांचे. १९७० च्या दशकात आजेसासऱ्यांनी तळमजल्याला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं. तेव्हा खोऱ्यात सगळेच तसं करत होते. चुना जुनाट वाटायचा. मागच्या उतारावरून येणारं पाणी पूर्वी दगड आणि चुन्यातून सुकून जायचं. सिमेंटनं ती वाट बंद केली. मग ओल भिंतीच्या आतून वर चढत राहिली आणि दगडावर टेकलेल्या पहिल्या तुळईत जाऊन बसली. प्लास्टर निघाल्यावर मी त्या तुळईत स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. लार्च या डोंगरी सूचिपर्णी झाडाचं लाकूड होतं ते. दारावर १७६४ कोरलेलं आहे, म्हणजे दोनशे वर्षं टिकलेलं लाकूड पन्नास वर्षांत कुजलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

हे घर उल्टेनच्या खोऱ्यात आहे. मेरान शहरातून घाटरस्त्यानं वर यायचं, १,४०० मीटरवर. देश इटली, पण घरातली बोली जर्मन. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहात हा दक्षिण टिरोल प्रांत ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. इथल्या पद्धतीप्रमाणे राहतं घर वेगळं आणि गोठा-गवताचं कोठार वेगळं, आगीच्या भीतीनं थोडं अंतर राखून. मी मूळची गुहागरची, शिक्षणानं सिव्हिल इंजिनियर, लग्नानंतर इथे आले त्याला चौदा वर्षं झाली. त्यामुळे कामाची वही माझ्याकडे आली.

अपार्टमेंट का, हे मला गावाकडून फोनवर सगळे विचारतात. आठ राखाडी गाई आणि इतक्या तीव्र उताराची कुरणं, की काही ठिकाणी अजून विळ्यानंच गवत कापावं लागतं. एवढ्या दुधावर घर चालत नाही. पाहुणे आले तर गाई राहतील, गाई राहिल्या तर कुरणं राहतील, नाहीतर वीस वर्षांत तिथे जंगल चढेल. शेजारच्या दोन शेतांवर ते चढलेलं मला खिडकीतून दिसतं.

पण घर मुळात शाबूत का राहिलं, ते सांगायला हवं. इथे 'गेश्लोसनर होफ' नावाची चीज आहे, म्हणजे बंद शेत. घर, कोठार, कुरण, जंगल हे सगळं मिळून एकच वस्तू. ती फोडता येत नाही आणि ती एकाच वारसाला जाते. मुसोलिनीच्या काळात १९२९ मध्ये हा कायदा रद्द झाला होता, १९५४ मध्ये प्रांतानं तो परत आणला. बाकीच्या भावंडांना जर्मनमध्ये 'बाजूला होणारे वारस' म्हणतात. त्यांना पैसे मिळतात, पण बाजारभावानं नाही. शेताचं उत्पन्न किती, त्यावर हिशोब. आणि या उताराचं उत्पन्न ते किती असणार!

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आजोळचं घर आठवलं. आईनं आणि मावशीनं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, तरी सातबाऱ्यावर शेवटी चौदा नावं चढली. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर कधी एकमत झालं नाही. आधी पडवीची कौलं गेली, मग माजघराचा वासा. आज तिथे जोतं आहे आणि त्यावर रानमोडी. म्हणून सुरुवातीची काही वर्षं मी या टिरोली कायद्याची फार भक्त होते. आता त्याची दुसरी बाजूही घरातच पाहिली आहे. माझ्या आतेसासूबाई भावंडांत सगळ्यात थोरल्या. वारस निवडताना पुरुषाला पहिला मान ही रीत २००१ च्या कायद्यापर्यंत चालत होती. शेत धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना मिळालं, आणि आतेसासूबाई सोळाव्या वर्षी मेरानच्या एका हॉटेलात चादरी बदलायला गेल्या.

नकाशावर सगळ्यात जास्त भांडण झालं ते श्टुबेवरून. श्टुबे म्हणजे घरातली एकच उबदार खोली. भिंती आणि छत त्सिर्बे या डोंगरी पाइनच्या फळ्यांचे, त्याचा गोडसर वास अजून येतो. कोपऱ्यात क्रूस, त्याखाली जेवणाचं टेबल, आणि समोर माणसाच्या छातीएवढी दगडमातीची भट्टी. तिचं तोंड बाहेरच्या बोळात आहे, लाकूड तिथून घालायचं, त्यामुळे आत धूर नाही. भट्टीभोवती बसायला बाक. छताची उंची २ मीटर ५ सेंटिमीटर. उब धरून ठेवायला तेवढीच हवी. नवऱ्याचं म्हणणं, ही खोली ज्या अपार्टमेंटमध्ये जाईल त्याचं भाडं सगळ्यात जास्त येईल. हिशोब बरोबर होता, मी स्वतः मांडला होता. सासूबाई ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आणि मी गेल्यावर मला कुठे ठेवाल?"

सासरे गेले तेव्हा त्यांना श्टुबेतच ठेवलं होतं. दोन रात्री शेजारीपाजारी येऊन जपमाळ म्हणत बसले होते. मी त्या रात्री बोळात बसून भट्टीत लाकूड घालायचं नाही याची आठवण सगळ्यांना करून देत होते, कारण खोली थंड राहायला हवी होती. श्टुबे आमच्याकडेच राहिली. एक अपार्टमेंट तळमजल्यावर, जिथे बटाटे, दूध आणि धुरावलेलं मांस ठेवायचे. दोन वर, झोपायच्या खोल्यांतून.

कुजलेल्या तुळईच्या जागी लार्च आमच्याच जंगलातलं घातलं. सासूबाईंनी बजावलं, झाड उतरत्या चंद्रावर, हिवाळ्यात तोडायचं, नाहीतर लाकूड फाटतं आणि किडतं. मी हसले नाही. माझे बाबा बांबू तोडायला अंधाऱ्या पंधरवड्याची वाट बघायचे, नाहीतर भुंगा लागतो म्हणायचे. दोन्हीकडे रस कमी असलेल्या दिवसांची चर्चा चालते. छपराच्या फळ्याही लार्चच्याच, आणि करवतीनं कापलेल्या नाहीत, कुऱ्हाडीनं फाडलेल्या. फाडलं की लाकडाची नस अखंड राहते आणि पाणी तिच्यावरून घसरून जातं. करवत नस कापते आणि पाणी आत शिरतं. गावात हे काम येणारे म्हातारे सुतार दोनच उरलेत. त्यातल्या एकानं माझ्या मुलाला शिकवायचं कबूल केलंय, याचा मला छपरापेक्षा जास्त आनंद आहे.

बाहेरचे ओंडके दिसायला हवे होते, म्हणून उष्णतारोधन आतून केलं: लाकडी तंतूंचे बोर्ड, त्यावर मातीचा गिलावा, गिलाव्यातच गरम पाण्याच्या नळ्या. थर्माकोल किंवा प्लास्टिकचा पडदा कुठेही नाही. सिमेंटनं एकदा शिकवलं ते पुरे. माती लिंपणाऱ्या माणसाशेजारी मी दोन दिवस काम केलं. हाताला ती गार, ओली माती लागली तेव्हा आजीचं सारवण आठवून डोळे भरून आले.

सगळ्यात किचकट काम आवाजाचं. ओंडक्यांच्या घरात वर कोणी चाललं की खाली पानातला घास थांबतो. जमिनीच्या फळ्या उचलल्या तर तुळयांमध्ये वाळू, राख, धान्याचा कोंडा आणि एक लहान मुलाचा बूट. कोंडा-राख काढून चुनखडीची खडी भरली. आवाज अडवायला वजन लागतं. बूट श्टुबेच्या कपाटात ठेवलाय.

आणि तिथेच ती झडप होती. श्टुबेच्या छतात, भट्टीच्या बरोबर वर, हातभर चौकोनी भोक आणि त्याला लाकडी झाकण. वरच्या खोलीत शेगडी नव्हती. झोपायच्या वेळी झाकण उघडायचं की खालची ऊब वर जायची. आता खाली आमचं घर आणि वर पाहुण्यांची खोली, म्हणजे आग आणि आवाज दोन्हींच्या नियमांनी भोक बंद करणं भाग होतं. मी ते खालून बंद करून खडीनं भरलं, पण वरचं झाकण, त्याची लोखंडी कडी, सगळं जमिनीत तसंच बसवून घेतलं. सुताराला दीड दिवस जास्त लागला.

जूनमध्ये आतेसासूबाई आल्या. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. तळमजल्यावरचं नवं स्वयंपाकघर त्यांनी पाहिलं, न्हाणीघरातला नळ सोडून पाहिला, काही बोलल्या नाहीत. मग जिना चढून वरच्या उजव्या खोलीत आल्या. चार बहिणी तिथे झोपायच्या, हे मला माहीत होतं. पलंग, दिवा, पडदे, कशाकडेच त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी चपला काढल्या आणि मोजे घातलेल्या पायानं जमीन चाचपत भिंतीच्या कडेनं पुढे गेल्या. कडी पायाला लागली तशा थांबल्या.

"उघडते का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आत्या," मी म्हटलं. "खालून बंद केलंय. नियम आहे."

त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या, दोन्ही पावलं झाकणावर ठेवून.