पाठीवरचा वारा : आमची वाटचाल

फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून, समुद्राकडून येतो. म्हणून आमच्या फर्मची सायकल-सहल आँजेहून निघते आणि पूर्वेकडे ब्लुआला संपते. आणखी पूर्वेच्या ऑर्लेआँहून उलटं निघालं तर पॅरिस जवळ पडतं आणि गाडीचा खर्च वाचतो. तरीही आम्ही तिथून कधी निघालो नाही, निघणारही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं बरंचसं याच्याभोवती फिरतं.

मिरजेत वडिलांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर, ओव्हरहॉलिंग आणि तासावर भाड्याच्या सायकली. चाकाचा आउट, म्हणजे हेलकावा, काढायला ते गोल, खाचांचा एक स्पोक-पाना वापरत. तो आज माझ्या पिशवीत असतो. खाचा झिजल्यात, एक पूर्ण निकामी आहे, पण तेरा आणि चौदा गेजचे निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाची बारीक नटं, अजून घट्ट धरतो. नवे पाने मी तीन घेतले. त्यातल्या दोघांनी निपलचे कोपरे गोल केले. सायकलवाल्यांना सांगायला नको, कोपरा गेलेला निपल म्हणजे काय डोकेदुखी असते.

मी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि पिंपरीच्या एका कारखान्यासाठी भाषांतराची कामं करू लागले. २००९ साली त्याच कामासाठी पंधरा दिवस आँजेला होते. रविवारी भाड्याने सायकल घेतली आणि नदीच्या बांधावरून निघाले. पूर अडवायला लुआरला दोन्ही काठांनी मातीचे लांबलचक बांध घातलेत, त्यांच्या माथ्यावरून अरुंद डांबरी रस्ता जातो. एका हाताला वाळूची बेटं आणि पाणी, दुसऱ्या हाताला खाली भाजीचे मळे. संध्याकाळी परतताना तोंडावर वारा होता. बारा किलोमीटरला दीड तास लागला. आमच्या फर्मचा पहिला धडा तोच.

तुम्ही म्हणाल, नदीकाठाने सुमारे ९०० किलोमीटरचा पाट्या लावलेला सायकलमार्ग आहेच, मग वेगळी वाट कशाला? कारण त्या मार्गावर मधे मधे खडीचे तुकडे आहेत. जाड टायरला काही वाटत नाही, पण २८ मिलिमीटरच्या बारीक टायरवर रोड बाइक चालवणाऱ्याचे हात दुसऱ्या दिवशी भरून येतात. म्हणून मी ओळीने तीन उन्हाळे मिशलँचे कागदी नकाशे घेऊन फिरले. पिवळा रस्ता म्हणजे जरा रहदारीचा, पांढरा म्हणजे आपला. कडेने हिरवी रेघ असेल तर देखणा. रस्त्यावर बाणाचं एक टोक असेल तर चढ पाच ते नऊ टक्के, दोन असतील तर नऊ ते तेरा. पन्नाशीच्या पुढचे लोक बरोबर असतील तर दोन टोकांचा रस्ता जेवणानंतर ठेवू नये.

या कामात एक भागीदार होता. नाव लिहीत नाही. सायकल माझ्यापेक्षा कितीतरी जोरात चालवायचा, संगणकाचं सगळं तोच बघायचा. मी वाट शोधायची आणि त्याने ती जीपीएसच्या फाइलीत बसवायची. २०११च्या जूनमध्ये सहा जणांची पहिली सहल नेली. तूरजवळ भर पावसात एकाचा डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग जिथे बसतो तो तुकडा, वाकला, तो याने अंदाजाने सरळ केला आणि गडी ब्लुआपर्यंत पोचला. ते ऋण मी नाकारत नाही.

पुढची सहा वर्षं बरी गेली.

२०१७च्या नोव्हेंबरमध्ये दोन ओळींचा मेल आला, की तो वेगळा होतोय. जानेवारीत त्याचं माहितीपत्रक हातात पडलं. सात दिवसांच्या सातही वाटा आमच्या. कांद-सँ-मार्तँला व्हिएन नदी लुआरला मिळते तिथला थांबा आमचा. सोम्यूरच्या पुढे पांढऱ्या त्यूफो दगडात कोरलेल्या घरांमधून जाणारा रस्ता आमचा. गुहेतल्या खाणावळीत लाकडाच्या भट्टीवरच्या फुएचं जेवणही आमचंच. फुए म्हणजे तव्याबाहेर टाकलेली भाकरी फुगते तशी टम्म फुगणारी छोटी पोळी. ती चिरून आत पांढरे वाल किंवा मश्रूम भरतात. शाकाहारी माणसाला त्या भागात पोटभर जेवण कुठे मिळेल हे शोधायला मला दोन वर्षं लागली होती. त्याला एक संध्याकाळ लागली असेल.

दर आमच्यापेक्षा तीस हजारांनी कमी. बावीस नोंदण्यांपैकी चौदा तिकडे गेल्या.

फाइल मात्र त्याने तशीच्या तशी उचलली होती. शिनाँकडून आझे-ल-रिदोला जाताना आमची वाट एका खेड्यात डावीकडे वळते, चारशे मीटर जाते आणि त्याच रस्त्याने परत येते. नकाशावर बघणाऱ्याला चूक वाटेल. तिथे दफनभूमी आहे, आणि फाटकाच्या आत नळ आहे. फ्रान्सच्या खेड्यात दुकान दुपारभर बंद, कॅफे असेलच असं नाही, पण कबरींवरच्या फुलांना पाणी घालायला दफनभूमीत नळ बहुधा असतोच. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं, टोपी काढायची, आवाज न करता बाटल्या भरायच्या. त्याच्या गटातल्या एक बाई नंतर मला भेटल्या. त्या म्हणाल्या, “आम्ही त्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. का, ते कोणालाच माहीत नव्हतं.” नळ मी शोधला होता, माझ्या वहीत लिहिला होता. फाइलीत नव्हता.

आणि पॅरिस जवळ म्हणून त्याने सहल ऑर्लेआँहून सुरू केली. अख्खी वाट उलटी. बाई म्हणाल्या, चार दिवस वारा तोंडावर. मला याचा आनंद झाला नाही. ते लोक मुळात माझे होते, आणि लुआरकाठाबद्दल वाईट मत घेऊन घरी आले.

२०१८ आणि १९ कसेबसे काढले. २०२०साठी सोळा जण जमले, हॉटेलांना आगाऊ रकमा गेल्या आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. फ्रेंच सरकारने हॉटेलांना रोख परताव्याऐवजी अठरा महिन्यांचं ‘आव्वार’, म्हणजे जमापत्र, द्यायची मुभा दिली. त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण माझ्याकडे जमापत्रं आणि दारात पैसे मागणारी माणसं. चूक त्यांचीही नव्हती. आईच्या पाटल्या मोडल्या आणि अकरा जणांचे पैसे दिले.

त्या सोळांत सांगलीचे काका होते. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, पहिल्या सहलीपासून आमच्याबरोबर. प्रवासाच्या पिशवीत मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. बकरीच्या दुधाचं तिथलं चीज, ज्याच्या मधून राय धान्याची काडी घातलेली असते, ते खात नाहीत, कारण दूध गोठवायचं रेनेट जनावराच्या कशातून येतं हे केमिस्टला ठाऊक. काकांनी फोन केला, “ताई, माझे राहू देत. तुम्ही सायकलींना तेलपाणी करून ठेवा.” त्यांचं बघून आणखी चौघे थांबले. फर्म त्या पाच जणांवर तगली. २७ मार्च २०२२ला विमानं नियमित झाली आणि जूनमध्ये याच पाच जणांना घेऊन मी आँजेला उतरले.

जाणाऱ्यांसाठी थोडं सांगते, आमच्याबरोबर या किंवा येऊ नका. तिथल्या सायकलींचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. घाबरल्यावर माणूस सवयीच्या हाताने दाबतो. मी प्रत्येक सायकलच्या डाव्या ब्रेकला लाल चिकटपट्टी लावते आणि पहिला अर्धा तास मैदानात चालवायला लावते. खेड्यात पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, गल्ली कितीही लहान असो. सोमवारी बेकरी बहुधा बंद असते, रविवारीच पाव घेऊन ठेवा. आणि सहलीच्या आधी नवी सीट कृपा करून घेऊ नका. जुनीच खोलून बरोबर आणा, आम्ही बसवून देतो.

मागच्या सप्टेंबरात पुन्हा सगळी वाट एकटीने चालवली. व्हिलांद्रीच्या अलीकडचा आमचा पावाचा थांबा बंद झालाय, म्हणून दुसऱ्या दिवसाचं जेवण सहा किलोमीटर पुढे सरकवलं. दफनभूमीचा नळ चालू आहे. काका आता चौऱ्याहत्तरचे. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, या जूनला बॅटरीची सायकल मिळेल का. सोम्यूरच्या दुकानात त्यांच्या उंचीची एक राखून ठेवली आहे. डाव्या ब्रेकची पट्टी तेवढी मी जाऊन लावेन.