वाट कशी थकेल?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि स्मरणिकेसाठी आठवण लिहायची म्हटल्यावर मला स्नेहसंमेलन आठवलं नाही, बक्षीस समारंभही नाही. आठवला तो नववीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास आणि इंग्रजीच्या बाई. बाकीच्या शिक्षकांवर इतर जण भरभरून लिहितीलच. मला बाईंबद्दलच लिहायचं आहे.

इंग्रजी अलंकारांची आम्हाला धडकीच भरायची. पर्सॉनिफिकेशन, ऑनोमॅटोपिया, सिनेकडकी! स्पेलिंग पाठ करण्यातच सगळा जीव जायचा. म्हणून आम्ही ओळखण्याच्या खुणा ठरवून टाकल्या होत्या. ओळीत 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली, निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की पर्सॉनिफिकेशन. बाईंनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं, 'शी वर्क्स अ‍ॅज अ टीचर', आणि विचारलं, "यात कुणाची तुलना कुणाशी केली आहे, सांगा." वर्ग चिडीचूप.

सहामाहीच्या पेपरात इंग्रजी कवी थॉमस ग्रेच्या 'एलेजी' या शोककवितेतली ओळ आली होती. १७५१ साली प्रसिद्ध झालेली ही कविता. दिवस मावळला आहे, गुरं परतताहेत, 'द प्लाउमन होमवर्ड प्लॉड्ज हिज वीअरी वे', म्हणजे नांगऱ्या आपली थकली वाट तुडवत घरी निघाला आहे. मी बेधडक पर्सॉनिफिकेशन लिहिलं. वाट थकलेली म्हटली आहे, आणखी काय हवं? पेपर हातात आला तेव्हा त्या उत्तरावर ना बरोबरची खूण होती ना फुली. समासात हिरव्या शाईनं दोनच शब्द होते: 'कोण थकलंय?'

तास संपल्यावर मी टेबलाशी गेले. "बाई, वाट थकलीय."

"वाट कशी थकेल गं? ती आपली पडून आहे. दिवसभर राबलं कोण?"

"नांगऱ्या."

"मग त्याचा थकवा वाटेला का लावला?"

मला सुचेना. पुढच्या तासाची घंटा झाली तरी बाई हलल्या नाहीत. शेवटी मी चाचरत म्हटलं, "त्याला ती वाट सरता सरत नसेल. पाऊल टाकेल तिथे थकवाच असेल." बाईंनी मान डोलावली आणि तेव्हा कुठे नाव सांगितलं: ट्रान्सफर्ड एपिथेट. विशेषण एकाचं, बसवलं दुसऱ्यावर. वाटेचा माणूस झालेला नाही, माणसाचा शीण तेवढा तिच्यावर उतरला आहे. मग म्हणाल्या, "आता मोठ्यानं म्हण. प्लाउमन, प्लॉड्ज. वीअरी, वे. जड पाय ऐकू येतात का?" मला खरंच ऐकू आले.

'नाव सगळ्यात शेवटी' हा त्यांचा नियम. आधी ओळीत काय घडतंय ते सांगायचं, मग तेच साधं सरळ लिहिलं असतं तर काय हरवलं असतं ते, आणि मग अलंकाराचं नाव. सिनेकडकी आणि मेटॉनिमी, दोन्हींत एका गोष्टीचं नाव घेऊन दुसरीच सांगायची, म्हणून यांत आम्ही हमखास घोटाळा करायचो. तोही त्यांनी एका प्रश्नात सोडवला. 'ऑल हँड्स ऑन डेक', म्हणजे सगळे खलाशी डेकवर या, असं म्हणताना हात हा खलाशाच्या शरीराचा भाग आहे ना? आणि 'द पेन इज मायटियर दॅन द सोर्ड'मधली लेखणी विचारांचा भाग आहे का? नाही, ती नुसती सोबतीण. भाग असेल तर सिनेकडकी, सोबत असेल तर मेटॉनिमी. ऑक्सिमोरॉन म्हणजे परस्परविरोधी शब्दांची जोडी. हा शब्दच ग्रीकमधल्या 'तीक्ष्ण' आणि 'बोथट' या दोन शब्दांचा जोड आहे, म्हणजे तो स्वतःच स्वतःचं उदाहरण, हे कळलं त्या दिवशी आम्ही सगळ्या घरी जाऊन तेच सांगत सुटलो होतो.

आज मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, कवितांचे अनुवाद करते. त्याचं मूळ त्या हिरव्या शाईत आहे. पेपर तपासताना मात्र जीव तुटतो. 'कवीने येथे अनुप्रास वापरून परिणाम साधला आहे' हे वाक्य गठ्ठ्यातल्या निम्म्या पेपरांत असतं. कोणता परिणाम, हे कुणी लिहीत नाही. मुलांचा दोष नाही, त्यांच्या हाती तयार यादी दिली जाते. आपला तो कोपऱ्यातला वर्गही आता संगणक कक्ष झाला म्हणे. वाईट वाटलं.

सध्या ग्रेची तीच ओळ मराठीत आणायचा खटाटोप चालू आहे. 'प्लॉड्ज'ला आपल्याकडे 'वाट तुडवणं' आहे, त्याहून नेमकं काय हवं? 'थकली वाट'ही मराठीला परकी वाटत नाही. अडलंय ते 'वीअरी वे'तल्या आवाजांच्या जोडीपाशी. दोन महिने झाले, जमत नाही. बाई समारंभाला येणार असल्याचं निमंत्रणात वाचलं. वही घेऊन येते आहे, त्यांनाच विचारेन.