छापून दाखवा, मग पैसे देते

ठाण्यात प्रिंटर विकणारी दुकानं ढीगभर आहेत. त्या प्रिंटरमधून छापलेला एक कागद दाखवणारं दुकान मात्र मला मिळता मिळालं नाही. त्याची चिडचिड अजून उतरलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं काम आधी सांगते, कारण निवड त्यावरच ठरते. नौपाडा आणि चरईतल्या काही सोसायट्यांचे हिशेब नि पत्रव्यवहार मी घरून बघते. मेंटेनन्सची बिलं, थकबाकीची पत्रं, सभेच्या नोटिसा, इतिवृत्तं. सगळं काळं-पांढरं आणि बहुतेक मराठीत. फोटोंची मागणी सासूबाईंची. "ते बोटाने सरकवायचं मला जमत नाही, हातात फोटो दे," हे त्यांचं कायमचं म्हणणं. शिवाय प्रत्येक फॉर्मला लागणारे साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे पासपोर्ट फोटो असतातच. तेव्हा दोन्ही कामं करणारं एकच मशीन हवं होतं, पंधरा हजारांच्या आसपास.

प्रकार ठरवायला वेळ लागला नाही. लेझर कागदपत्रांना उत्तम, टोनर म्हणजे कोरडी पूड, महिनाभर बंद राहिला तरी सुकत नाही. पण माझ्या बजेटमधला लेझर फक्त काळं छापतो. कार्ट्रिजवाला इंकजेट घ्यायला स्वस्त, पण छोटी कार्ट्रिज शे-सव्वाशे पानांत संपते आणि नवी घेताना डोळे पांढरे होतात. उरला शाईच्या टाक्यांचा, म्हणजे इंक टँक. यात बाटलीतून शाई ओतायची आणि एका काळ्या बाटलीत काही हजार पानं निघतात, असं कंपन्या सांगतात. तो आकडा ठरावीक चाचणी-पानांवरचा असतो. पहिल्या बाटल्यांमधून तेवढी पानं निघत नाहीत, कारण त्यातली बरीच शाई नळ्या आणि हेड, म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग, भरण्यात जाते.

इथपर्यंत सगळं सुरळीत. पुढे गाडी अडली ती काळ्या शाईवर.

आमच्या एका सोसायटीचा नोटीस बोर्ड गेटपाशी आहे, वर नावापुरता पत्रा. ठाण्याचा पाऊस आडवा येतो. पूर्वी बाहेरून छापून आणलेल्या नोटिसा जुलैत अशा पसरायच्या की सभेची तारीख कोणती आणि वेळ कोणती ते सेक्रेटरीलाही सांगता येऊ नये. इंकजेटच्या शाईत दोन जाती असतात. डाय म्हणजे विरघळलेला रंग. तो कागदात मुरतो, फोटोत खुलतो, पण पाण्याने पसरतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण. साध्या कागदावर अक्षर धारदार उठतं आणि ओलं झालं तरी बऱ्यापैकी टिकतं. म्हणजे नोटिशीला पिगमेंट हवी आणि सासूबाईंच्या फोटोला डाय. बऱ्याच इंक टँकमध्ये काळी पिगमेंट आणि बाकी तीन रंग डाय असतात, काहींत चारही डाय. कागदावर हे कळलं. डोळ्यांना काय दिसतं, ते कळायला छापलेलं पान बघणं भाग होतं.

म्हणून मी एक चाचणीचं पान तयार केलं. वर ८ पॉइंटमधली मराठी नोटीस, मुद्दाम जोडाक्षरं कोंबलेली. हेड जरा जरी तिरकं असलं तर शिरोरेखा लगेच पायरी पडल्यासारखी दिसते, इंग्रजी अक्षरांत ते इतकं कळत नाही. मधे बारीक रेघांचा बिलाचा तक्ता. खाली भाचीचा फोटो, काळेभोर केस आणि जांभळी पैठणी. तोच फोटो ४ बाय ६ इंचांतही वेगळा ठेवला. पेन ड्राइव्हबरोबर माझा स्वतःचा ग्लॉसी कागदही पिशवीत घेतला, म्हणजे कोणाला कागदाचं निमित्त नको.

निमित्तं कागदाशिवायही भरपूर निघाली.

पहिल्या दुकानात मांडलेल्या एकाही प्रिंटरमध्ये शाई नव्हती. "मॅडम, डिस्प्ले पीस आहे. शाई भरली की विकता येत नाही." मुद्दा खरा आहे, टाकी एकदा भरली की मशीन वापरलेलं होतं. पण मग एक मशीन दाखवण्यासाठी राखा ना! त्यावर मुलगा हसला. दुसऱ्या दुकानात कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा पाठ केलेले आकडे सांगत होता. "४८०० बाय १२०० डीपीआय आहे मॅडम, फोटो एकदम लॅबसारखा." मी म्हटलं, ४ बाय ६ चा फोटो ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, काढला तरी १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, तुमचे ४८०० म्हणजे थेंब किती जवळ टाकता येतो त्याचा आकडा, केस काळे येतात का ते सांगा. तो म्हणाला, "डेमो मिळेल ना, इंजिनिअर घरी येऊन देईल." कधी? "बिल झाल्यावर." म्हणजे लग्न लागल्यावर कांदेपोहे.

मॉलमधल्या एका चकचकीत शोरूममध्ये मात्र शाई भरलेलं मशीन दिसलं आणि मला भरून आलं. पेन ड्राइव्ह पुढे केला. "बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायची परवानगी नाही." मोबाइलवरून पाठवते. "वायफाय स्टाफसाठी आहे." मग तुम्ही तुमचंच काहीतरी छापा. त्याने मशीनवरचं बटण दाबून नोझल चेकचं पान काढलं, चार रंगांच्या तुटक रेघा, आणि अभिमानाने हातात दिलं. त्या रेघांवरून हेड तुंबलेलं नाही एवढं कळतं, बाकी काही नाही. फोटोचा नमुना मागितला तर भिंतीवरच्या पोपटाकडे बोट. तो लॅमिनेट केलेला. ओलं बोट फिरवून बघायची सोयच ठेवली नव्हती.

मॅनेजरला भेटले. त्याने कंपनीच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. हेल्पलाइनवर मराठीसाठी एक आकडा दाबा, हिंदीसाठी दोन, हे सोपस्कार झाल्यावर बाईंचा पहिला प्रश्न: "मशीनचा सीरियल नंबर सांगा." मशीन घेतलेलं नाही, घेण्याआधी छापून बघायचंय. "सीरियल नंबरशिवाय डेमो रजिस्टर होत नाही." मग सीरियल नंबर कुठून आणू? "खोक्यावर असतो." खोकं कुठून आणू? "जवळच्या डीलरकडून खरेदी करा." मी शांतपणे पुन्हा समजावलं. त्यांनी शांतपणे पुन्हा सीरियल नंबर विचारला. शेवटी त्या म्हणाल्या, तुमची तक्रार नोंदवून घेते, पण त्यासाठी… पुढचं मी ऐकलं नाही.

ऑनलाइन मागव नि नाही आवडला तर परत कर, हा नवऱ्याचा सल्ला. मी अटी वाचल्या होत्या: शाई भरल्यावर परत घेणार नाही, बिघाड असेल तर आधी कंपनीचा माणूस येऊन बघणार. केस तपकिरी येतात हा काही बिघाड नव्हे. लॅमिंग्टन रोडला जा, तिथे सगळं मिळतं, हेही कोणीतरी सुचवलं. भर पावसात ठाण्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड, आणि तिथेही डिस्प्ले पीसच बघायचा? नाही गेले.

सुटका झाली ती कोर्ट नाक्यावर. एका सोसायटीचं प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला गेले होते. कलेक्टर ऑफिस आणि कोर्टाच्या आसपास टायपिंग-झेरॉक्सवाले दिवसभर प्रिंटर पिळून काढतात. एका टपरीत दोन इंक टँक शेजारी शेजारी, अंगावर शाईचे डाग, चालू. मी विचारलं, या दोन्हींवर माझं पान आणि फोटो काढून द्याल का? काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, प्रिंट काढायला आलात की मशीन बघायला?" दोन्ही, म्हटलं. "मग बसा."

अख्ख्या ठाण्यात एवढं सरळ उत्तर मला कोणी दिलं नव्हतं.

एक मशीन चार शायांचं, काळी पिगमेंट. दुसरं सहा शायांचं, खास फोटोंसाठी, त्यावर ते पासपोर्ट फोटो आणि प्लास्टिकची कार्डं छापतात. चार शायांवर मराठी नोटीस झकास आली, 'द्ध' आणि 'ष्ट्य' सुटे वाचता येत होते. बाटलीतलं पाणी बोटाला लावून मी अक्षरांवर फिरवलं, कागद सुरकुतला पण तारीख जागच्या जागी. सहा शायांवरची तीच नोटीस पाण्याने निळसर पसरली. फोटोत उलट. सहा शायांवर केस काळेभोर आणि पैठणीचा जांभळा जिवंत. चार शायांवर चेहरा छान, पण केसांच्या सावलीत तपकिरी झाक. काका म्हणाले, ग्लॉसी कागदावर ही पिगमेंट काळी बसत नाही, म्हणून मशीन ती वापरतच नाही, तीन रंग मिसळून काळा बनवतं. कोणत्याही माहितीपत्रकात मला हे वाक्य सापडलं नव्हतं.

सहा शायांच्या त्या मशीनला स्कॅनर नाही आणि किंमत माझ्या बजेटच्या कितीतरी वर. दोन्ही फोटो घरी नेऊन सासूबाईंपुढे ठेवले, कोणता कुठला ते न सांगता. त्यांनी चार शायांचा उचलला. "यात ती हसतेय नीट." फोटो एकच होता! पण निकाल लागला.

घेतला कॅननच्या जी मालिकेतला, स्कॅनर आणि वायफायवाला. काळी पिगमेंट, बाकी तीन डाय. काकांनी आणखी एक गोष्ट बघायला सांगितली होती: हेड साफ करताना वाया जाणारी शाई कुठे जमा होते. काही मशीनमध्ये ती शोषणारा पॅड आत असतो आणि तो भरला की सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. काहींत छोटा डबा असतो, तो आपणच बदलू शकतो. डबावाला घ्या.

खरेदी त्या पहिल्या, शाई न भरणाऱ्या दुकानातच केली, कारण भाव तिथेच बरा होता. एक काळी बाटली जास्तीची मिळवली. कोर्ट नाक्यावरचे कागद बघून तो मुलगा म्हणाला, "मॅडम, हे ठेवू का? गिऱ्हाइकांना दाखवायला." नाही ठेवू दिले.

हो, वायफायचं राहिलं. असे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर जोडले जातात. राउटर ५ वरही चालत असेल आणि दोन्हींना एकच नाव असेल तर जोडणी रेंगाळते, २.४ ला वेगळं नाव द्या, सुटतं. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणं या किमतीत मिळेलच असं नाही, माझ्यात नाही, बिलं मी हाताने उलटते. आणि फोटो छापताना सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ग्लॉसी निवडा. 'साधा कागद' तसाच राहिला तर चांगल्या कागदावरही फोटो मळकट येतो, आणि दोष मशीनवर जातो.

बंद करताना मशीनवरचंच बटण दाबा, भिंतीवरच्या बोर्डाचं नव्हे. बटणाने बंद केलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, नाहीतर उघडं राहून सुकू शकतं. माझ्या घरात रात्री सगळे बोर्ड बंद करत फिरायची पद्धत आहे, म्हणून त्या स्विचवर मी चिकटपट्टी लावली आहे. आठवड्यातून एक रंगीत पान काढतेच, सासूबाईंच्या कृपेने त्याची आठवण ठेवावी लागत नाही. पावसाळ्यात मागच्या ट्रेमध्ये कागदांचा गठ्ठा ठेवू नका, दमटपणाने कडा वळतात आणि दोन-दोन पानं ओढली जातात. लागतील तेवढेच लावा, उरलेलं रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात.