विकण्यापुरताही तांदूळ उरला नाही तेव्हा

बांगलादेशातील कॉक्सबाजार जिल्ह्यातल्या कुतुपालाँगच्या रोहिंग्या छावण्यांत मी अन्नमदतीची पाहणी करते. ऑगस्ट 2017 पासून म्यानमारच्या राखाइनमधून सात लाखांहून अधिक माणसे इथे आली. त्यांना छावणीबाहेर जाऊन मजुरी करण्याची मुभा नाही आणि छावणीतली तासावर पैसे देणारी कामे सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. त्यामुळे औषध, सुकी मासळी, मिरची, फोनचा रिचार्ज यांसाठी चार पैसे हवे असतील, तर कार्डावर मिळालेल्या तांदळातला थोडा विकणे हा बहुतेकींचा ठरलेला व्यवहार असतो.

आमच्या प्रश्नावलीत पाच प्रश्न जपून विचारावे लागतात: गेल्या सात दिवसांत किती दिवस हलक्या प्रतीचे अन्न खाल्ले, उसने आणले, घास कमी केले, जेवणाची वेळ टाळली आणि मुलांसाठी मोठ्यांनी पोट मारले. गुण मोजताना शेवटच्या प्रश्नाला तिप्पट भार असतो आणि तो योग्यच आहे. त्यानंतर, मिळालेला शिधा विकला का, असा वेगळा प्रश्न येतो; ‘हो’ म्हटले की ते घर अडचणीत असल्याची नोंद होते.

कार्डावरची मदत माणशी दरमहा 12 डॉलर होती, ती मार्च 2023 मध्ये 10 आणि जूनमध्ये 8 डॉलर, म्हणजे 840 टका, झाली. त्या पावसाळ्यात बांबू-ताडपत्रीच्या एका खोपटात, चार मुलांच्या आईने मला सांगितले की या महिन्यात तिने तांदूळ अजिबात विकला नाही. मी ‘नाही’वर खूण केली. एरवी ती किती विकते हे सहज विचारले, तेव्हा तिने डब्याचे झाकण काढून तळाशी राहिलेला तांदूळ दाखवला आणि विकायचे तरी काय, असे विचारले. मोठ्यांचे पोट मारण्याच्या प्रश्नाला उत्तर सात दिवस असे आले. तिचा चौदा वर्षांचा मुलगाही आईबरोबर रात्री उपाशी निजत होता. त्याला मोठ्यांत धरावे की मुलांत, हे आमच्या सूचनांत कुठेच नव्हते.

शेरा मी सविस्तर लिहिला. अहवालाच्या तक्त्यात मात्र शिधा विकणारी घरे कमी दिसली आणि बैठकीत ती सुधारणा म्हणून वाचली गेली. कार्यालयात बसून तक्ते जुळवणाऱ्यांनी शेऱ्यांचा रकाना उघडण्याचे कष्ट घ्यायला हवे होते, असे माझे आजही स्पष्ट मत आहे.

जानेवारी 2024 मध्ये मदत पुन्हा 10 डॉलर झाली. पुढे त्याच घरी जाण्याचा योग आला, तेव्हा चुलीवर सुक्या मासळीचे कालवण होते आणि ते थोडा तांदूळ विकून आणल्याचे तिने आनंदाने सांगितले. तिचा ‘हो’ मी नोंदवला आणि त्या एका प्रश्नापुरते ते घर पुन्हा अडचणीत आले.