पितळी बटण आणि स्विंडन

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत रेल्वेचे काळवंडलेले पितळी बटण सापडले, तेव्हापासून मी इंग्लंडमधील स्विंडन या रेल्वेच्या गावाचा इतिहास वाचतो आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा तेथील कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला आणि १९८६ मध्ये बंद पडला. परंतु १८५१ च्या जनगणनेत घरोघरच्या माणसांचे नाव, वय, व्यवसाय आणि जन्मगाव नोंदलेले असल्यामुळे कोणता लोहार कोठून येऊन तेथे स्थिरावला, हे त्याच्या वंशजांना आजही शोधता येते. मला त्यांचा मनापासून हेवा वाटतो.

आपल्याकडे जनगणनेतील व्यक्तिगत नोंदी पाहता येत नाहीत. त्यामुळे १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली, त्या काळातील आमचे घराणे मी मोडी कागदांत आणि आत्याच्या आठवणींत शोधतो आहे. बटण पदराने पुसत ती म्हणाली, “दादा हे चिंचेनं घासायचे.”