सरवा

७ डिसेंबर, रविवार, रात्री

मंडळीची (म्हणजे चर्चची) भक्ती सुटल्यावर पंचांची बैठक झाली. विषय एकच, नाताळची ब्लँकेटं. मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर कामाला येणाऱ्या कुटुंबांना ६० ब्लँकेटं द्यायची. एक २२० ला, म्हणजे १३,२००. पेटीत आहेत ९,४००, बाकीचे घरोघर फिरून गोळा करायचे. खजिनदार मी, त्यामुळे फिरायचं मलाच.

थंडी पडलीच आहे. नंदुरबारला या दिवसांत गावाबाहेर जावं तर मैदानंच्या मैदानं लाल दिसतात आणि वारा आपल्याकडे फिरला की ठसका लागतो. त्या पथाऱ्यांवर बाया दिवसभर देठ खुडतात. संध्याकाळी त्यांच्या बोटांची आग होत असते, त्या हाताने लेकराला जवळ घ्यायचीही पंचाईत.

बैठक अडली ती पैशांवर नाही, बॅनरवर. तरुण संघाच्या पोरांनी नमुना मोबाइलवर आणला होता. पाळकसाहेबांचा फोटो, पंचांचे फोटो, माझाही (कुठून मिळवला देव जाणे, दहा वर्षांपूर्वीचा आहे), आणि खाली ‘गरजूंना मायेची ऊब’. मी बायबलातल्या मत्तयाचा सहावा अध्याय काढला. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, आणि आपण फ्लेक्स छापतोय. एक पोरगा लगेच म्हणाला, “बाई, पाचव्या अध्यायात दिवा दिवठणीवर ठेवायला सांगितलंय ना?” पोरगा माझ्याच हाताखाली संडे स्कूल शिकलेला. आता काय बोलणार!

मग आमच्यातले सगळ्यात वयस्कर पंच बोलले. ते म्हणाले, दिवस असे आहेत की अंधारात दिलं तर लोक धर्मांतराचं आमिष म्हणतात, म्हणून चारचौघांत, फोटो काढून दिलेलं बरं. त्यांचं चूक नाही. त्यांचा मुद्दा मला रात्रीपर्यंत पुरलाय.

आमच्या घराण्याला ‘ज्वारीसाठी बाटलेले’ हे शब्द नवे नाहीत. १८९९-१९०० च्या दुष्काळात, लोक ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात त्यात, पणजीचे आईबाप गेले आणि ती मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. सहा-सात वर्षांची पोर. तिला कुणी विचारलं असेल का, तुला ज्वारी हवी की येशू? तिला दोन्ही एकाच ताटात मिळाले. तिने दोन्ही शेवटपर्यंत सोडले नाहीत. मला या गोष्टीची लाज वाटत नाही, पण रांगेत उभं राहून घेतलेल्या ताटाची आठवण घराण्यात कुठेतरी राहतेच. बॅनर पाहून माझ्या पोटात कालवलं, ते मत्तयामुळे कमी आणि पणजीमुळे जास्त.

तिची मुलगी म्हणजे माझी आजी. शिंदखेडा तालुक्यात तीन एकर वावर, त्यात दादर. (पुण्याकडच्या मैत्रिणींना दर वेळी सांगावं लागतं की दादर म्हणजे मुंबईचं स्टेशन नाही, आमच्याकडची रब्बीची ज्वारी आहे.) कापणीला आजी बांधावर उभी राहायची आणि मजुरांना ओरडायची, पण उलटं. “इतलं काय वेचतस? ऱ्हावू दे!” कणसं पडली तर पडू द्यायची. वावराच्या गावाकडच्या कोपऱ्यात चार-पाच ओळी तशाच उभ्या ठेवायच्या. मामा चिडायचा. दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचायला यायच्या, तेव्हा आजी वावरात फिरकायचीसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, आपण बघायला का जायचं नाही? ती म्हणाली, आपण दिसलो की त्यांना बोलावं लागतं.

आजीला वाचता येत नव्हतं. रूथची गोष्ट तिने ऐकून पाठ केलेली. परकी, मवाबी, विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम गाळा, तिला धमकावू नका. आजीला सगळ्या पवित्र शास्त्रात हा ‘मुद्दाम’ फार आवडायचा. रूथला संध्याकाळी एफाभर (एफा म्हणजे धान्याचं जुनं माप) सातू मिळाले. तिला वाटलं असेल, आज हात चांगला चालला.

आज त्याच गावात भुईमूग उपटून झाल्यावर शेंगा वेचायला आलेल्या बायांना हाकलतात, असं मामेभाऊ सांगत होता. तोही हाकलतो, हे त्याने सांगितलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं.

ब्लँकेटांसाठी १,१०० गोळा करून घरी आले. टेबलावर नोटा मोजत होते. धुणंभांडं करणाऱ्या मावशी भांडी पालथी घालून दाराशी थांबल्या. “ताई, पगारनं काय?”

एक तारखेला त्यांचे पंधराशे द्यायचे होते. तेव्हा एटीएमला जायला जमलं नाही, मग सोमवारी देते म्हटलं, मग रविवार, बैठक, बॅनर. विसरलेच. त्यांनी आठ दिवस तोंड उघडलं नाही. मग जरा थांबून त्याच म्हणाल्या, “दुकानवाला आते उधार नई देस.”

माझ्यासमोर अकराशे रुपये गरिबांचे पडलेले. पाकिटात माझे साडेतीनशे. ह्यांच्याकडून उरलेले घेऊन लगेच दिले. मावशींनी मोजले नाहीत, कनवटीला लावले आणि दुपारी त्यांना पथारीवर जायचं असतं म्हणून घाईने गेल्या. ६० जणांच्या यादीत त्या आहेत की नाहीत, हेही मी पाहिलेलं नव्हतं.

रात्री बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय काढला. विसरलेल्या पेंढीसाठी परत वावरात जाऊ नका, ती परक्यांची, पोरक्यांची आणि विधवांची, हे आजीमुळे मला पाठ. पण ते एकोणिसाव्या वचनात आहे. त्याच्या वर चौदा-पंधरात मजुराची मजुरी आहे, त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आणि त्याच्याही वर, बारा-तेरात, गरिबाचं पांघरूण गहाण ठेवून घेतलं असेल तर रात्र पडण्याआधी परत करा, म्हणजे तो ते पांघरून निजेल. आपण नवीन ब्लँकेट देण्याच्या कितीतरी आधी, त्याचं स्वतःचं पांघरूण त्याच्याकडे आहे ना, एवढं तिथे बघितलंय. मी इतकी वर्षं थेट एकोणिसाव्यापासून वाचत आले. तिथे देणारी मी दिसते ना!

नव्या करारातला याकोब तर सरळच बोलतो. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, म्हणतो. माझ्या घरची ओरडली नाही, दाराशी थांबून हळूच बोलली.

२० डिसेंबर, शनिवार

वाटप झालं. तडजोड अशी की बॅनर फक्त मंडळीच्या आवारात, पथारीवर नाही. ब्लँकेटं मुकादमाकडे यादी देऊन ठेवायची, ज्याने त्याने संध्याकाळी घरी जाताना उचलायचं. हिशेबाचा कागद मात्र सूचनाफलकावर, ज्येष्ठ पंचांच्या समाधानासाठी. आणि माझ्याही, खोटं कशाला बोलू. पोरांपैकी एकाने तरी फोटो काढलाच. त्यात ब्लँकेटांचा ढीग आहे, माणूस एकही नाही. चालेल.

मुकादमाने दोन-तीन स्वतःच्या घरी नेली असतील, अशी मला शंका आहे. आजीच्या सरव्यात चांगली खातीपिती बाईही यायची आणि आजी म्हणायची, ती आली तर येऊ दे, तिला निवडायला गेले तर बाकीच्या यायच्या बंद होतील.

मावशींचं नाव मी यादीत घातलं होतं. आज भांडी घासताना त्या म्हणाल्या, “ब्लँकेट ऱ्हावू द्या ताई. पगारमा दोनशे वाढाई द्या.”

मी लगेच ‘हो’ म्हणाले नाही. “बघते” म्हणाले. साधं ब्लँकेट मी त्यांना हसत हसत दिलं असतं, एकदाच द्यायचं होतं. दोनशे म्हणजे वर्षाचे चोवीसशे, आणि ते कुठल्या यादीत येत नाहीत.

रात्री घरखर्चाची वही काढली. दर महिन्याला पहिल्या ओळीत मी ‘अर्पण’ लिहिते, त्याखाली दूध, गॅस, पोराची मेस, आणि कुठेतरी खाली मावशी. जानेवारीचं पान उघडलं. पहिल्या ओळीत मावशी, १,७०० लिहिलं. अर्पण दुसऱ्या ओळीत गेलं.