सोनेगाव विमानतळावरची तपासणी: चंची, नारळ आणि सावजी मसाला

नागपूरकर विमानाने निघाला तरी त्याचे सामान रेल्वेचेच असते, असे माझे ठाम मत आहे. दिवाळी आटोपून पुण्याला परतणाऱ्या लोकांबरोबर सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभा असताना ते मत आणखी पक्के झाले. पुढच्या प्रत्येक माणसाच्या हातात फराळाची एक तरी पिशवी होती, आणि रांग अडत होती ती नेमकी त्या पिशव्यांपाशी.

प्रवेशद्वारावर तिकीट व आधार कार्ड पाहणारे आणि आत तपासणी करणारे जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजेच सीआयएसएफचे असतात. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान अपहरण करून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर २००० साली जयपूरपासून सुरुवात करून देशातील विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने या दलाकडे सोपवण्यात आली. आज आपल्याला जी शिस्त काहीशी जाचक वाटते, तिचे मूळ त्या घटनेत आहे.

ट्रेमध्ये लॅपटॉप, मोबाइल, पट्टा आणि पाकीट काढून ठेवण्याचे आता बहुतेकांच्या अंगवळणी पडले आहे. पॉवर बँकेबाबत मात्र अजूनही घोटाळा होतो. ती काउंटरवर जमा करायच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. लिथियमची बॅटरी तापून पेटली, तर सामानाच्या कप्प्यात तिच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही, प्रवाशांच्या केबिनमध्ये मात्र कर्मचारी लगेच धावून येऊ शकतात, असा त्यामागचा हिशेब आहे. मर्यादा १०० वॅट-तासांची असते आणि आपल्याकडची नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची भरते, त्यामुळे तिची चिंता करण्याचे कारण नाही.

एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सामान कसे दिसते, हे कळले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. अन्न, कापड, कागद, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ तिथे नारिंगी दिसतात, धातू निळे आणि मिश्र स्वरूपाच्या वस्तू हिरव्या दिसतात. किरण ज्यातून पार जात नाहीत, तो भाग काळा पडतो. म्हणजे आपली संत्री तिथेही नारिंगीच दिसतात, हा योगायोग मला फार आवडतो. बर्फीचे डबे, चिवडा आणि त्यांच्यामध्ये कोंबलेल्या चार्जरच्या वायरी एकावर एक आल्या, की पडद्यासमोर बसलेल्या जवानाला काहीच स्पष्ट दिसत नाही आणि बॅग उघडावी लागते. खाण्याचे डबे एका बाजूला आणि वायरी दुसऱ्या बाजूला ठेवल्या, तर ती सहसा उघडली जात नाही.

माझ्या पुढे धोतर नेसलेले एक काका होते. त्यांची पिशवी यंत्रातून बाहेर आली आणि लगेच बाजूला काढली गेली. जवानाने आतून विड्याची कापडी चंची काढली, तिची नाडी सोडली आणि पाने, चुन्याची डबी, चार-सहा अख्ख्या सुपाऱ्या यांच्याखालून पितळी मुठींचा, पाते झिजून चकचकीत झालेला अडकित्ता वर काढला. “चाचाजी, ये अंदर नहीं जाएगा,” तो नम्रपणे म्हणाला. काका त्या अडकित्त्याकडे आणि जवानाकडे आळीपाळीने पाहत राहिले. “आता याच्यानं कोनाले मारतो बाप्पा मी!” अशा वेळी वस्तू बाहेर थांबलेल्या नातेवाइकाकडे देता येते, काउंटर सुरू असल्यास जमा सामानात टाकता येते किंवा तिथेच सोडावी लागते. काकांचा भाचा अजून पार्किंगमध्येच होता, म्हणून अडकित्ता बचावला. सुपाऱ्या मात्र पुण्यापर्यंत अख्ख्याच गेल्या असाव्यात.

तिखटाची पूड आणि मिरचीचे लोणचे हातातल्या बॅगेत नेता येत नाही, कारण डोळ्यांत फेकायला तिखटासारखे दुसरे हत्यार नाही. तेव्हा घरचा सावजी मसाला, म्हणजे आपला झणझणीत नागपुरी मसाला, नीट बांधून जमा करायच्या बॅगेत घालावा. खरी पंचाईत होते ती नारळाची. माहेरहून निघणाऱ्या लेकीच्या ओटीत नारळ असतोच, पण हातातल्या सामानात तो चालत नाही. केरळातील शबरीमलाला नारळ घेऊन जाणाऱ्या यात्रेकरूंना २०२४ मध्ये यातून ठरावीक मुदतीची खास सवलत द्यावी लागली होती, यावरून नियम किती पक्का आहे ते कळते. गोटा खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने ते ज्वालाग्राही मानले जाते, म्हणून जमा सामानातही त्याला मज्जाव असतो. हा नियम ऐकून घरातील वडीलधाऱ्यांना राग येणे स्वाभाविक आहे, तरी ओटीतला नारळ माहेरीच फोडून त्याचा प्रसाद वाटणे मला अधिक सोयीचे वाटते.

शेवटी अंगझडती. पुरुषांची तपासणी धातू शोधणाऱ्या चौकटीतून पलीकडे गेल्यावर उघड्यावर होते, तर स्त्रियांची पडद्याआड महिला जवान करतात. मंगळसूत्र किंवा बांगड्या सहसा काढाव्या लागत नाहीत, हातातले यंत्र अंगावरून फिरवले जाते. पडद्याआडच्या या तपासणीला वेळ अधिक लागतो, त्यामुळे कुटुंबासह जाताना बायकांना रांगेत आधी उभे करावे आणि सर्वांचे ट्रे पलीकडून उचलण्याचे काम पुरुषांनी अंगावर घ्यावे.